अर्जातला सातवा रकाना

शेजारच्या इमारतीत चोर शिरले त्या रात्री
कामतकाकूंच्या मनगटावर नायलॉनच्या दोरीचा वळ उठला.
महिना झाला, अजून त्या पदराखाली हात झाकूनच
दूध घ्यायला दार उघडतात. अर्धंच.

त्याच आठवड्यात मी ठरवलं,
आईबाबांना बंदूक घेऊन द्यायची.
मी, जी झुरळावर चप्पलसुद्धा
डोळे मिटून मारते.

फोर्टात, घड्याळजीच्या वरच्या माळ्यावर
शब्बीरभाईंचं दुकान.
काचेखाली मखमलीवर पिस्तुलं निजलेली,
दागिन्यांसारखी किमतीच्या चिठ्ठ्या बांधून.
"वडलांचं वय?"
एक्क्याऐंशी.
"घरात बरणीचं झाकण कोण उघडतं?"
मी. रविवारी जाते तेव्हा.
ते नुसतं हं म्हणाले.
"मग पिस्तूल राहू द्या. ते मागे खेचायला
बरणीपेक्षा जास्त जोर लागतो.
दुनळी घ्याल, तर धक्का खांद्यावर येतो. खांदा कसा आहे?"
डावा, जिन्यात पडल्यापासून, कंगव्यापुरताच वर जातो.
"चष्मा?"
रात्री फ्रिजवर असतो.
शब्बीरभाईंनी काच पुसली,
माझ्यासाठी पाणी मागवलं
आणि विकण्याचा विषय बंद केला.

तरी अर्ज मी आणलाच.
माहीमच्या तळमजल्यावर, जेवणाच्या टेबलावर
बाबांनी तो भिंग लावून वाचला,
माझगाव डॉकमध्ये नकाशे वाचायचे तसा, कोपऱ्यापासून.
नळीचा व्यास विचारला. पोलाद कुठलं ते विचारलं.
क्षणभर ते एकोणचाळीस वर्षांचे फिटर झाले,
बोटांची थरथरसुद्धा थांबली असं मला वाटलं.
सातव्या रकान्यापाशी भिंग थबकलं.
शस्त्र कशासाठी हवे.
"कुलपात ठेवावं लागेल ना?"
हो.
"किल्ली तुझी आई तांदळात लपवते. मग विसरते.
मग एखाद्या दिवशी तिला सापडते."

आत कुकरची शिट्टी झाली.
बाबांनी आवाज उतरवला.
"रात्री तीनच्या सुमाराला उठते ती.
दिवा लावते. माझ्याकडे बघत बसते.
कोण तुम्ही, म्हणते, घरात कसे शिरलात?
परवा झाडू उगारला."
भिंगाची काच सदऱ्याला पुसत म्हणाले,
"झाडू ठीक आहे गं.
झाडूला मी पुरून उरतो."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
रविवारी आई मला ओळखते,
माझ्या नवऱ्याची चौकशी करते, वरणाला फोडणी देते.
मी आजवर रविवारचीच आई बघत होते.

अर्ज बाबांनी उलटा केला
आणि पाठीवर वायरिंगचं चित्र काढलं:
इथे बटण, पलंगाच्या डाव्या अंगाला,
इथून वर, कोलासोंच्या स्वयंपाकघरात घंटा.
दाराला साखळी. पॅसेजमध्ये रात्रभर दिवा.
प्लंबरला भोक पाडायला सांगितलं, त्यानं तीनशे मागितले,
बाबांनी दोनशेवर आणलं.
चाचणीची घंटा वाजली तेव्हा ग्लेन कोलासो
पायजम्यात, हॉकी स्टिक घेऊन धावत आला.
आईनं साखळी काढली, स्टिक छत्रीच्या जागी टेकवली
आणि त्याला चहा दिला.
"कुणाचा रे तू?" तिनं विचारलं.
तो इथेच जन्मला. त्याचं जावळ तिनं पाहिलंय.

त्या रात्री मी तिथेच राहिले, बाहेरच्या दिवाणावर.
झोप नव्हतीच.
तीनला आतला दिवा लागला.
दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी
माझ्या पायांवर पडली.

"कोण तुम्ही?"

मी श्वास धरला. बटण त्यांच्या हाताशी होतं.

"पाहुणा," बाबा म्हणाले. "सकाळी जाईन."

बराच वेळ काहीच नाही. पंख्याची करकर.
मग बांगड्या वाजल्या,
पलंगावर कुणीतरी जागा केल्यासारख्या.

"मग जेवलात का?"