पाव कमी

मार्च आहे. सायमा सरोवर अजून पांढरं, कडक,
काल त्याच्यावरून एकजण मोटार घेऊन गेला,
आणि मी स्वयंपाकघरात बसून
पाण्यावर उभं राहायची फळी निवडते आहे.
हवा भरायची, हवा काढायची, पाठीवर टाकायची.

वही गिरणीतली, चौकटींची.
गिरणी बंद झाली तेव्हा सगळ्यांनी काहीबाही उचललं,
तुइयानं भिंतीवरचं घड्याळ, मी सहा वह्या.
एकतीस वर्षं कागदाची जाडी मोजली,
यंत्राच्या आधी अंगठ्यानं.
'सर्वोत्तम' ह्या शब्दासाठी
माझ्या वहीत रकाना नाही.

'सारास्ते' देखणी. सोबत कार्बनचं वल्हं,
पिसासारखं, आणि किंमत आणखी एका फळीएवढी.
नाकापेक्षा मोती जड.
'लाइने' स्वस्त; शिवण एकपदरी,
पिशवी उघडली की डिंकाचा वास दुकानाच्या दारापर्यंत.
'व्हेस्ट्रा'ला पाच वर्षांची हमी,
मात्र झडप हमीत नाही,
आणि फळी उन्हात ठेवली असेल तर काहीच नाही.
उन्हात!
मी खिडकीबाहेर बघितलं. लाउरीनंही बघितलं.

लाउरी दुकानातला पोरगा, मिशी अजून ठरलेली नाही.
त्याला म्हटलं, तिन्ही फुगव, पंधरापर्यंत.
दोन स्टुलांवर आडव्या टाक.
मधोमध मी बसले, तो पट्टी धरून वाकला.
लाइने दोन बोटं खचली,
व्हेस्ट्रा अर्धं,
सारास्तेनं माझी दखलच घेतली नाही.
"वजन किती तुमचं?"
अडुसष्ट. आणि कुत्रा.
"कुत्रा केवढा?"
कुत्रा नाहीये अजून.
त्यानं निमूटपणे लिहून घेतलं.
एकशेवीस किलो पेलते म्हणे ही.
उरलेल्या बावन्न किलोंचं मी काय करणार आहे,
हे त्यानं विचारलं नाही. बरं झालं.

मग कोपऱ्यात, बुटांच्या खोक्यांमागे, चौथी दिसली.
कुणीतरी परत केलेली. किनाऱ्याच्या दगडानं फाडलेली.
तळहाताएवढं करडं ठिगळ, निम्मी किंमत.
"ही दाखवायची नव्हती," लाउरी कानापर्यंत लाल.
मी डोळे मिटून ठिगळाच्या कडेनं
अंगठा फिरवला, सबंध एक फेरी.
कुठेच नख शिरलं नाही.

गिरणीत कागद तुटायचा.
मैलभर लांब पांढरं, आणि मध्येच फाटलेलं.
आम्ही सांधायचो, आणि सांध्यात
लाल चिठ्ठी खोचायचो, बाहेर डोकावणारी,
छापणाऱ्याला आधीच कळावं म्हणून.
सांधा लपवला तर नोकरी जायची.

त्या तिघी कुठे ना कुठे गळणारच,
कुठे, ते त्यांनाही ठाऊक नाही.
हिचं मला ठाऊक आहे.

तीन जिने, साडेनऊ किलो. दोनदा टेकले.
सोफा भिंतीला लावला, गालिचा गुंडाळला, पंप जोडला.
पहिले शंभर दट्टे पोरखेळ,
मग दांडा उलट रेटायला लागतो,
मग तो आणि मी, कोण ऐकतंय बघू.
खालून राइलीनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं,
मग स्वतःच वर आली, गाऊनवर कोट,
बराच वेळ दारात उभी राहिली
आणि लोकरीच्या मोज्यांनिशी चढली फळीवर.
हात पसरले. गुडघे किंचित वाकवले.
"पाणी कुठाय?"
येईल, म्हटलं. मे महिन्यात.
ती काही लगेच उतरली नाही.

रात्रभर तशीच ठेवली.
झोपण्याआधी पंधरा.
सकाळी, कॉफीच्याही आधी,
अंधारात चष्मा शोधून काटा पाहिला:
पावणेपंधरा.

ठिगळातून, की झडपेतून,
की खोली रात्री गार झाली म्हणून?
कान लावला. फळी गप्प.
वहीत लिहिलं: पाव कमी.
पुढे 'कारण' असा रकाना आहे,
तो मी मोकळाच ठेवला.