चार खाटांचा परवाना

मंगळवारी सकाळी सात वाजता
चर्चच्या तळघरात आम्ही बसतो,
घडीच्या खुर्च्यांवर, अंगातले कोट न काढता.
कॉफी मार्लिस करते. पाणीच ते,
कॉफीची नुसती आठवण घातलेलं.
मिनेसोटात यावर कुणी बोलत नाही.

आम्ही घरं चालवतो.
कागदावर आमची, पण आत राहतात
ती माणसं, ज्यांना सांभाळणारं कुणी उरलं नाही,
किंवा उरलं, पण थकलं.
एका घराला चार खाटा. सरकारी परवाना चारचाच.
पाचवी टाकली की गुन्हा.

अब्दिरिझाक फजरची नमाज पढून थेट येतो,
मार्लिस वरच्या मजल्यावरच्या देवाची,
मी केबे फ्लोमो, मन्रोव्हियाची;
आमच्या प्रार्थनेत मोठ्यानं रडायची मुभा असते,
इथे सगळे आपापल्या बुटांकडे बघतात.
शेवटी कुणी आमेन म्हणतं, कुणी आमीन.
नळाखाली कप धुताना ऐकलं
तर फरक कळत नाही.

हे सगळं गोड वाटतं ना?
मग हेही ऐका.
दोन वर्षांपूर्वी अब्दिरिझाकनं माझी प्रेशस नेली,
रात्रपाळीची, सोन्यासारखी पोर,
तासाला एक डॉलर जास्त देऊन.
मी दर मंगळवारी त्याच्यासमोर बसले
आणि त्याच्याशी बोलले नाही.
त्याच्याकडे अचानक तपासणी यावी
म्हणून एक दिवस उपास धरला.
देवाला ते सांगताना
जीभ अडखळली नाही माझी.

मग जानेवारी. उणे एकतीस.
रात्री दोनला हीटर बंद पडला.
ऑस्ट्रॉव्स्कींचं ऑक्सिजनचं यंत्र,
दोघी बहिणी एकाच रजईत,
आणि ड्वेन, पन्नाशीचा,
जो बावीस चमचे मोजल्याशिवाय झोपत नाही.
काउंटीच्या नंबरावर रेकॉर्ड केलेला आवाज:
आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मार्लिसच्या गावाचा रस्ता बंद.
उरलं एकच नाव.
ते दाबताना बोट कापत होतं,
सगळंच थंडीनं नव्हे.

वीस मिनिटांत व्हॅन दारात.
त्याच्या बाजूला प्रेशस, सुट्टीची रात्र सोडून आलेली.
"तुझं घर भरलेलं आहे," मी म्हटलं. "परवाना?"
त्यानं लोकरी टोपीत फोन खोचला,
कानाशी होल्डवरचं संगीत,
आणि हातांनी ऑस्ट्रॉव्स्कींना उचललं.
चाळीस मिनिटांनी कुणीतरी अधिकारी जागा झाला,
एका रात्रीची परवानगी मिळाली.
त्याच्या राहत्या घरात.
त्याची मुलं जमिनीवर झोपली, कुरकुरत.

पहाटे मोजणी. एकवीस.
ड्वेन परत मोजतो. एकवीस.
त्याचा आवाज चढायला लागला, तो मला माहीत असलेला आवाज,
ज्याच्यापुढे मी, औषध, प्रार्थना, सगळे हरतो.
अब्दिरिझाकची म्हातारी आई स्वयंपाकघरातून आली,
एक शब्द न बोलता
चहाचा एक चमचा तिनं रांगेत ठेवला.
मुलाच्या जानमाजच्या कडेला लागलेल्या रांगेत.
बावीस.

त्या मंगळवारी आम्ही यादी केली:
कुणाचा हीटर, कुणाला ताप,
अपरात्री कोण कुणाकडे जाणार.
मार्लिसनं ती सुवाच्य अक्षरात लिहिली.
मी उपासाचं सांगितलं.
तो म्हणाला, "तपासणी आली होती.
दोन दोष काढले."
मग कॉफी प्यायला.
प्रेशस अजून त्याच्याकडेच आहे.

मार्चमध्ये बर्फ उतरला तेव्हा
माझ्या दारासमोर चिखलात हरवलेला चमचा सापडला.
मी म्हटलं, आता म्हातारीचा परत देऊ.
ड्वेननं मूठ आवळली.

आता तेवीस मोजतो.
झोपायला थोडा उशीर होतो.