कुठंच न जाण्यासाठी

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं : रोज अर्धा तास. सायकल चालेल.
चिठ्ठीवर गोळीची कंपनी होती, सायकलची नव्हती.

म्हणून महिनाअखेरचा हिशेब मिटवून
टॉवेलच्या कारखान्यातून परस्पर
मी राजेशम चिलवेरींच्या दुकानात.
पर्समध्ये पाच हजार, त्यातले हजार गॅसचे.

पोऱ्यानं आधी एकवीस गिअरची काढली,
काळी, शिंगं रोखलेल्या वळूसारखी.
“चौदा हजार. डिस्क ब्रेक हाय.”
एकवीस गिअर, आणि माझ्या वाटेवर चढ एकच, पुलाचा.
तिथं मी उतरून चालणार
हे मला आत्ताच माहीत.

दुसरी बोटाएवढ्या टायरची.
मी मनात तळ्याकडच्या बाभळी मोजल्या
आणि ती परत टांगायला सांगितली.

राजेशमकाकांनी चष्मा कपाळावर चढवला.
“जायचंय कुठं ओ, मॅडम?”
कुठंच नाही. तळ्यापर्यंत आणि परत.
“ओझं?”
माझंच.

ते हसले नाहीत.
चाळीस वर्षं सायकली विकल्या त्यांनी
लूमवर जाणाऱ्यांना, दूधवाल्यांना,
चादरींचे गठ्ठे कॅरिअरला आवळणाऱ्यांना.
घाम काढायला म्हणून कुणी घेतली नाही.
तो सायकलीवर फुकटच मिळायचा.

मग आतून, पोत्यांमागून, एक हिरवी आली.
जुनी, लेडीज, बिनगिअरची, तीन हजार दोनशे.
सीटला नवं रेक्झिन,
दांडीवर रंगाखाली कुणाचं तरी अर्धं नाव, तेलुगूत.
“बसा. पाय टेकतात?”
चवडे टेकले.
“बास की. हेच बघायचं असतंय. बाकी सगळं स्टिकर.”
ब्रेक दाबून ढकलली, हलली नाही.
दोनशे सोडले त्यांनी. कुलपाचे वेगळे घेतले.

आज पहाटे साडेपाच.
ऊन उठायच्या आत बाहेर पडले,
ओढणी पोटाशी गच्च खोचून.
पुलावर उतरले, ठरल्याप्रमाणे.
पलीकडे मात्र पायडल न मारता
चाकं आपली आपण पळायला लागली,
आणि समोर म्हशी, अख्खा रस्ता अडवून.

घंटी दाबली. वाजेना.
एवढं एक बघायचं राहून गेलं होतं.

मग तिरुपतीच्या रांगेत ऐकलेलं तेवढंच तोंडात आलं :
“जरगंडी! जरगंडी!”

म्हशी हलल्या नाहीत.
त्यांच्यामागचा म्हातारा मात्र
चटकन बाजूला झाला,
आणि हात जोडले त्यानं, सवयीनं.