बर्फाची लादी

मे महिन्यात दुपारी दोन वाजता
नागपुरात कोणी कोणाकडे जात नाही,
म्हणून ही असली कामं मी दुपारीच काढतो.
कूलरच्या ताट्या ओल्या करून,
जुन्या सीपीयूचा ट्रे टाचणीनं उघडून
प्रणिताच्या लग्नाची डीव्हीडी आत ठेवतो.

तिच्यावर ठवकरांचं अक्षर, निळ्या मार्करचं:
भाग दोन, पंगत आणि पाठवणी.
गोळीबार चौकातल्या त्यांच्या स्टुडिओत आता
कुलपाच्या किल्ल्या बनवून मिळतात.

डिस्कवर एक ओरखडा, नखाएवढा.
कोणी म्हणालं टूथपेस्ट लाव. लावली.
मधून कडेकडे पुसली, सरळ,
आई तव्यावर फडकं फिरवते तशी गोल नाही.
ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो,
आणि एकेचाळीस टक्क्यांवर येऊन
रुसलेल्या व्याह्यासारखा बसून राहतो.

आतल्या खोलीतून आई: झालं का?
नाही अजून.

आईला हवंय, कारण त्यात बाबा आहेत.
प्रणिताला नकोय, कारण त्यात तो आहे.
कोर्टानं चार वर्षं घेऊन
जे वेगळं करून दिलं
ते इथं अजून एकाच फाइलीत आहे,
एक जीबीच्या.

पावणेतीनला व्याही उठला. बेचाळीस. त्रेचाळीस.
मग एकदम शंभर.

आधी गुलाबांच्या पाकळ्या पडतात,
दोन हंस येऊन माना जुळवतात,
बदामाच्या आकारात त्याचा चेहरा फिरत येतो
आणि फुटून त्याचे तारे होतात.
ठवकरांनी याचे वेगळे दीड हजार घेतले होते.
मी पुढे ढकलतो.

बाबा येतात बावन्नाव्या मिनिटाला.
समोर तो आणि प्रणिता, घास भरवताहेत,
जिलबी, आणि सगळे हसताहेत,
आणि मागून, कनातीला लागून,
बाबा आडवे जातात.
खांद्यावर पोतं, पोत्यात बर्फाची लादी.
नव्या सफारीची पाठ भिजून काळी.
लादीवाला पोरगा आलाच नव्हता म्हणे,
मठ्ठा गरम होऊन राहिला होता.
कोणाला तरी काही म्हणतात ते, तोंड हलतं,
पण आवाज नाही,
त्यावर ठवकरांनी सनई टाकली.
डावीकडून उजवीकडे. अकरा सेकंद.

मी माउसनं चौकट ओढतो.
त्याला बाहेर ठेवतो.
प्रणिताचा कोपर कापला जातो, इलाज नाही.
आत उरतात ते बाबा इतके लहान
की मोठे केल्यावर चौकडे चौकडे दिसतात,
सुटी वीण, उभे-आडवे ठिपके.
एकोणतीस वर्षं माग चालवलेला माणूस.
पाहायला असते तर चेहरा सोडून
त्यांनी आधी धागे मोजले असते.

अकरा सेकंदांची फाइल
बेसाला, प्रणिताच्या फोनवर.
चारला दोन निळ्या खुणा.
फोन आला साडेपाचला.

"पाह्यलं."
मग नुसता कूलर,
तिच्याकडचा आणि माझ्याकडचा.
"बाबा कुठं चालून राहिले रे?"
पंगतीकडे, म्हटलं. मठ्ठ्याच्या पिंपाकडे.
"पंगत कुठाय? पडदाच दिसून राहिला नुसता.
असं वाटते, एक माणूस बर्फ घेऊन
कुठंच नाही चालला."

मी म्हटलं, बाकी सगळं काढलं ना मी.
तूच म्हणाली होतीस.

"हो," म्हणाली.
बराच वेळ.
त्या वेळात पोत्यातली लादी
बरीच वितळली असणार.

"पूर्णच दे. असू दे त्याला तिथं, जिलबी खात.
आईला बाबा नीट जाताना दिसले पाहिजे."

मी टाचणी शोधत होतो.
फोन ठेवता ठेवता ती म्हणाली,
"आणि माझा कोपर काहून कापला बे?"