दुसरा हात

हाय विकमच्या चॅरिटी दुकानात, मागच्या दाराशी
तो साइडबोर्ड उभा होता, तोंड भिंतीकडे,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
बारा पौंड. आजच नेणार असाल तर दहा.
एका पायाखाली वर्तमानपत्राची घडी
आणि अंगावर असा काळपट तपकिरी थर
की आत लाकूड आहे, हे कुणीतरी सांगावं लागावं.

गॅरेजात आणला. गाडी तेव्हापासून रस्त्यावर झोपते.

आधी स्पिरिटचा बोळा फिरवायचा, दिसणार नाही अशा कोपऱ्यात.
विरघळलं तर लाख. नाही तर नंतरचं काहीतरी.
विरघळलं.
चिंधी चिकट, गुळाच्या पाकासारखी,
आणि त्या वासासरशी मी मिरजेच्या पोस्टात,
पार्सलच्या गाठीवर मोहोर दाबणाऱ्या
मुजुमदार कारकुनाच्या खिडकीपाशी.
म्हणजे हीही आपल्याकडचीच म्हणायची.
कुसुमाच्या फांदीवर किड्यांनी घडवलेली,
बोटीतून आलेली, माझ्या कितीतरी आधी,
आणि इथल्या ओकवर नव्वद वर्षं
बिनबोभाट राहिलेली.

मग पॉलिश पेपर. ऐंशी, एकशेवीस, दोनशेचाळीस.
रेषेच्या बाजूने, फक्त रेषेच्या बाजूने.
एकदा आडवा हात गेला की लाकूड विसरत नाही.
सगळं निघालं,
वरच्या फळीवरचं कपाच्या बुडाचं काळं कडं तेवढं नाही.

डावा ड्रॉवर उपडा केला तर खाली पेन्सिलीने बेरीज:
सत्तावीस आणि पंधरा, बत्तीस.
कुणा सुताराचा हातचा राहून गेलेला.

ठरवलं, वर नुसतं मेण-तेल. मॅट. रेषा बोलतील तेवढं.
'जुनं ते सोनं,' मी मोठ्याने म्हणालो,
गॅरेजात मराठीला कोण हसणार.

शटर अर्धं उघडं होतं.
'तो माझा होता,' मॉरीन स्टॉलवुड म्हणाली,
हातात लीकची जुडी, पलीकडच्या गल्लीतली.
मी म्हणालो, बघा ना, काय लाकूड निघालंय आतून!
तिने चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
'दर शनिवारी,' म्हणाली. 'एकेचाळीस वर्षं.
आधी सासू घासायची, मग मी.
मेणाचा डबा, फ्लॅनेलचा तुकडा,
आणि रॉय वाकून बघणार, तोंड दिसतंय का त्यात.
ते कडं माझ्या कपाचं.
तो गेला त्या संध्याकाळी मुद्दाम ठेवला होता, गरम.'

मग ती फळीवरचे डबे वाचत गेली.
राखी, शेवाळी, हस्तिदंती.
'हा.'
पिवळा. अंड्याच्या बलकासारखा, निर्लज्ज.
ओकवर रंग म्हणजे पाप,
हे मीच चार जणांना ऐकवलेलं.

अस्तर दिलं, तेही लाखेचंच,
नाही तर जुने डाग वर येतात.
पहिला हात मी मारला.
दुसरा तिने मागून घेतला.
आमच्यात रंगाच्या थराला हात म्हणतात, मी सांगितलं.
'म्हणजे हा सेकंड हँड,' म्हणाली, आणि इतकी हसली
की ब्रश तिच्या बुटावर गळला.
कड्यापाशी आली तेव्हा सावकाश झाली.
भोवतीने रंगवत गेली, ते तेवढं सोडून.

वर पाण्यातलं पॉलियुरेथेन, तीन हात.
आता पॉलिश नको, ओलं फडकं पुरे, मी म्हणालो.
'घरी न्यायचाच नाहीये मला,' ती म्हणाली.
लीक माझ्या बाकावरच विसरून गेली.

मार्लोची एक नर्स उद्या तो न्यायला येतेय.
कडं कसलं, असं तिने फोटो बघून विचारलं होतं.
ते तसंच आहे, एवढंच कळवलं.
रात्री ड्रॉवर परत बसवताना
पेन्सिल कानावरून काढली होती मी, बेरीज सुधारायला.
काढली, आणि ठेवून दिली.
हातचा एक
असू दे त्याच्याकडे.