नाकारण्याचं कारण

पंचवीस वर्षं मी जोड नाकारत आलेय
ग्दिनियाच्या गोदीत, जहाजाच्या पोटाशी वाकून,
गुडघ्यांखाली टायरचा तुकडा घेऊन.
नाकारणं हाच माझा धंदा.
तेव्हा नाकारलं जाण्याचं मला वावडं नाही.

पण मी चिठ्ठी लिहिते.
ब्लॉक सत्तावीस, डावी बाजू,
खालून एकशे दहा मिलिमीटरवर
चार मिलिमीटरची भेग, मुळाशी.
खाली तारीख, आणि सही: याद्विगा म्रोचेक.
वेल्डर ती वाचतो, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो,
आणि तरी त्याला कळलेलं असतं
कुठे घासायचं ते.

तुम्ही मला लिहिलंत:
आपली पोस्ट आमच्या व्यावसायिक समुदायाच्या निकषांत बसत नाही.
कुठली ओळ?
किती मिलिमीटर?
सही कुणाची?

फोटो एका एक्स-रे फिल्मचा होता.
राखाडी पट्टा, त्यातून केसाएवढी काळी रेघ.
गोदीचं नाव मी लिहिलं नव्हतं, माणसाचंही नाही.
लिहिलं एवढंच, की शुक्रवारी ही दिसली,
चिठ्ठी दिली, चिठ्ठी फाइलीत झोपली,
सोमवारी तिच्यावर रंग होता.
नव्या पोरांनो, रंगाला भुलू नका.

माझ्या भाचीने, किंगाने, कुठेकुठे बोट लावून
आतलं कारण शोधून काढलं:
विचलित करणारं वैद्यकीय दृश्य.
हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.
मावशी, यंत्राला वाटलं हाड मोडलंय कुणाचं!
मला हसू आलं नाही.
यंत्र काही फार चुकलं नव्हतं.

अपिलाच्या चौकटीत तीनशे अक्षरं मावतात.
पहिल्यांदा मी रागाने लिहिलं, ती साडेचारशे झाली.
मग किंगाने गोड करून दिलं. मग पुन्हा मी.
रात्री दोन वाजता पाठवलं,
दोन वाजून चाळीस सेकंदांनी उत्तर आलं:
आम्ही आपलं म्हणणं काळजीपूर्वक तपासलं आहे.
चाळीस सेकंदांत
माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही.

झेनोन एकदा माझ्या दारात उभा राहिला होता,
अंगावर बर्फ तसाच, हातात फिल्म.
ही भेग नाही म्हणाला, ओरखडा आहे,
तुझ्याच नखाचा.
मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही,
तुमचे निकष आहेत.
पण नियम होता, वेल्डरने मागितलं तर पुन्हा काढायचा.
रात्री अकराला दोरी बांधून सगळ्यांना बाहेर काढलं,
आणि पुन्हा काढला.
जोड स्वच्छ होता. आरशासारखा.
चिठ्ठी फाडायची नसते; मी तिच्यावर एक रेघ मारली,
खाली लिहिलं, चूक माझी, आणि सही केली.
त्याने मला कॅन्टीनमध्ये आंबट सूप पाजलं, अंड्यासकट,
आणि वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला.
तेव्हापासून फिल्म हाताळताना मी सुती मोजे घालते.

तुम्ही बरोबरच असलं पाहिजे, असं माझं म्हणणं नाही.
एक दार ठेवा.
त्यामागे चष्मा पुसणारं कुणीतरी.
माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय,
त्रेपन्नाव्या वर्षी काम शोधायचं ते तुमच्याच अंगणात,
आणि माझ्या नावापुढे आता एक पिवळा त्रिकोण आहे
ज्याचा अर्थ मला विचारता येत नाही.

अकराव्या दिवशी पोस्ट परत आली.
गेली तशीच आली, न सांगता.
खाली एक अंगठा होता, झेनोनचा, तो आता निवृत्त आहे.
चिठ्ठ्यांच्या वहीत मी एक पान भरलं:
पोस्ट एक. पुनःस्थापित. कारण:
आणि तिथे पेन थांबलं.

फेरीबोट नवव्या दिवशीच पाण्यात उतरली होती.
बँड होता, पाद्री होता, बाटली पहिल्या फटक्यात फुटली.
मी धक्क्यावर उभी होते, हात कोटाच्या खिशात.
रंग झकास दिसत होता.