दोन वाजताची प्रत

बिटको चौकात, झेरॉक्सच्या शेजारी
रोशनी पगारेचं चार फुटी दुकान.
मी फोन काउंटरवर ठेवला, म्हणालो,
जागा नाही म्हणतोय.
नातवाचा फोटो येतो, उघडत नाही,
नुसतं धुकं
आणि मधे फिरणारं एक वर्तुळ.

तिने आत शिरून एक कपाट उघडलं.
तीन वर्षं खिशात घेऊन हिंडतोय,
ठाऊकच नव्हतं मला.
सात फाइली. नावं एकसारखी, तारखा तेवढ्या वेगळ्या.
प्रत्येकीला कुलूप, प्रत्येकी आठशे एमबी.
काका, रोज रात्री दोनला
तुमचा फोन सगळ्या गप्पा उतरवून ठेवतो.
कालच्या?
नाही, पहिल्यापासूनच्या. रोज नव्याने.

रात्री दोन.
तेहतीस वर्षं, तिसरी पाळी आली की
मी प्रेसमध्ये याच वेळी बिघडलेल्या शीटा मोजायचो.
शाई फुटलेल्या, कडा सरकलेल्या,
आकडाच न उमटलेल्या.
चांगल्यापेक्षा वाया गेलेल्याचा हिशोब कडक.
एक कमी भरली की अख्खी पाळी दारात उभी,
हातात रिकामे डबे,
आणि मी पुन्हा एकपासून.
बघत बसू नका, मोजा, असं साहेब सांगायचे.

या सातांत काय असणार ते न उघडता सांगतो.
सोसायटीच्या टाकीचं पाणी,
गंगापूर धरण किती टक्के,
पुतण्याने पाथर्डी फाट्याला पाहिलेला प्लॉट,
शुभ सकाळचे गुलाब,
कुणाला तरी श्रद्धांजली, खाली सत्तावन्न जोडलेले हात.
हे सगळं सातदा.
टाक, म्हणालो. आजची राहू दे.

तिचं बोट पाचव्या फाइलीवर गेलं
आणि मीच म्हणालो, थांब.
मंगळवार.

मंगळवारी पहाटे एक चाळीसला धात्रकचा मेसेज आला होता.
मी झोपेत. निवृत्तीनंतर लागायला लागलीय झोप.
सकाळी पाहिलं तर त्याने तो पुसलेला,
जागेवर करड्या अक्षरांची एक ओळ
की इथे काहीतरी होतं.
दुपारी फोन केला. चुकून गेला रे, म्हणाला,
आणि कांद्यावर आला.
चुकून, रात्री पावणेदोनला,
धात्रक, ज्याच्या मोजणीत कधी चूक निघाली नाही.

रोशनी म्हणाली, यात असेल तो.
दोनच्या आधी आला ना, मग उतरला असणार.
ॲप काढून पुन्हा टाकायचं, ही फाइल चढवायची.
मात्र मंगळवारनंतरचं सगळं जाईल.
करू?

मागे एक बाई चार्जर घेऊन उभी होती.
मी म्हणालो, ही आणि आजची ठेव.
ठेवते, पण तुम्ही विसरलात तरी
पुढच्या मंगळवारी फोन आपणच टाकेल ती.
आठवी रात्र नसते त्याच्याकडे.
वीस रुपये घेतले. चार जीबी मोकळे झाले.
नातू उघडला. तोंडाला श्रीखंड.

सोमवारी रात्री झोप लागली नाही.
स्टेशनावरून गाड्या जात राहिल्या.
फोन उशाशी, चार्जिंगला.
दोन वाजले तेव्हा काही आवाज झाला नाही,
भोंगा नाही, दार नाही.
दोन दहाला रोशनीने दाखवलेल्या वाटेने आत गेलो.
नव्हती.
एक शीट कमी, आणि कुणीही मला अडवलं नाही.

सकाळी वालदेवीचा पूल ओलांडून विहितगावला गेलो.
धात्रकने साखळी काढली.
पायजम्याची नाडी लोंबत होती,
ओट्यावर एकच कप.
काय रे, एवढ्या सकाळी? फोन करायचास.
म्हणालो, असाच आलो.
तो दुसरा कप शोधू लागला.
पाठ माझ्याकडे असतानाच त्याने विचारलं,
तुझा तो फोन भरला होता ना, झाला का नीट?

झाला, म्हणालो.
आता जागा आहे.